संग्रहालयाची मागची खोली

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. नागपूरकर त्याला 'अजब बंगला' म्हणतात. नाव गोड आहे आणि प्रामाणिकही आहे. जे रोज दिसत नाही ते पाहायला माणसे तेथे जातात. अजब वाटणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप एवढाच, की आपण त्या पायरीवरच बसून राहिलो आहोत. आपल्याकडील बहुतेक स्थानिक संग्रहालयांची मांडणी, त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत येणारे लेख आणि आपल्या शाळांच्या सहली, या तिन्ही गोष्टी अजून 'अजब'पाशीच थांबतात. संग्रहालयाची परीक्षा आपण काचेच्या कपाटावरून करतो. ती नोंदवहीवरून करायला हवी, हे या लेखात मांडायचे आहे. मी बोलणार आहे ते मुख्यतः प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या संग्रहांबद्दल, कारण माझ्या कामाचा संबंध त्यांच्याशी येतो. पण मुद्दा नाण्यांना, भांड्यांना आणि शेतीच्या अवजारांनाही तितकाच लागू आहे.

कपाटातला बिबट्या

जिल्ह्याच्या गावातले एखादे संग्रहालय डोळ्यांपुढे आणा. निसर्ग विभागात पेंढा भरलेला बिबट्या उभा असतो. एक कान झडलेला, डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या. खाली पाटी असते : 'बिबट्या. शास्त्रीय नाव पँथेरा पार्डस. मांसाहारी. भारतात सर्वत्र आढळतो.' मुले वह्या काढून ही माहिती उतरवून घेतात आणि पुढच्या कपाटाकडे जातात.

आता विचार करा, या पाटीवरचे एक तरी वाक्य लिहिण्यासाठी हा बिबट्या समोर असण्याची गरज होती का? ती माहिती पाठ्यपुस्तकात आहे. या बिबट्याखेरीज दुसरे कोणीही सांगू शकणार नाही अशी माहिती वेगळीच आहे. तो कोठे मेला? कोणत्या वर्षी? कोणी आणला? मारला की मेलेला सापडला? ही चार उत्तरे असतील, तर 'अमुक साली अमुक तालुक्यात बिबट्या होता' याचा तो पुरावा ठरतो. ती नसतील, तर ते एक मोठे बाहुले आहे. त्यापेक्षा बिबट्याचे चांगले छायाचित्र बरे. त्याला कसर तरी लागत नाही.

'नमुना' या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेऊ. नमुना म्हणजे नुसती वस्तू नव्हे. नमुना म्हणजे वस्तू आणि तिची नोंद. वस्तू एका विशिष्ट ठिकाणची आणि एका विशिष्ट वेळची साक्षीदार असते. साक्षीदाराचे नाव, गाव आणि तारीख पुसून टाकली, तर साक्ष उरत नाही.

मुंबईत याचे दोन्ही चेहरे एकमेकांना लागून पाहायला मिळतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्ग विभागाची दालने आहेत. त्यांत पक्षी आणि प्राणी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यात मांडलेले दिसतात. त्याच आवाराला लागून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे 'हॉर्नबिल हाऊस' आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या संग्रहात लाखाहून अधिक नमुने आहेत. ते पाहायला रांग लागत नाही. अभ्यासासाठी राखलेला पक्षी खणात उताणा निजवलेला असतो. पंख मिटलेले, डोळ्यांत कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. देखणेपण काही नाही. पण विज्ञानाच्या दृष्टीने त्या पक्ष्याचा सर्वांत मोलाचा अवयव म्हणजे ती चिठ्ठी.

रानपिंगळ्याची साक्ष

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आपल्या खानदेशातलेच एक उदाहरण सविस्तर सांगतो.

रानपिंगळा हे छोटेसे घुबड. गावात दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा हा जंगलातला भाऊबंद. आजच्या छत्तीसगडमधील एका ठिकाणी १८७२ साली मिळालेल्या पक्ष्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात आणखी काही पक्षी मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला मिळाला नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते.

त्यांतल्या एका नमुन्यावरची चिठ्ठी वेगळीच होती. ती सांगत होती : १९१४, मांडवी, गुजरात, संग्राहक रिचर्ड मायनर्ट्झहॅगन. हे गृहस्थ ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नामवंत पक्षीतज्ज्ञ. आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह त्यांनी १९५४ साली ब्रिटिश म्युझियमला दिला होता. त्यांच्या त्या एका चिठ्ठीमुळे रानपिंगळ्याचा शेवटचा ठावठिकाणा तीस वर्षांनी पुढे आणि खानदेशातून गुजरातेत सरकला. नंतरच्या काळात पक्षी शोधणाऱ्यांच्या नकाशावर मांडवी आली ती यामुळे.

१९९०च्या दशकात मायनर्ट्झहॅगन यांच्या नमुन्यांबद्दलच्या जुन्या शंका पुन्हा तपासल्या जाऊ लागल्या. पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलर यांनी हा पिंगळा हाती घेतला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पक्ष्याची कातडी सोलणे, आत कापूस भरणे, टाके घालणे या कामात प्रत्येकाचा हात वेगळा असतो. हस्ताक्षरासारखाच तो ओळखू येतो. '१९१४'चा म्हणवणारा हा पक्षी एकदा उसवून पुन्हा भरलेला होता, आणि तरीही मूळ कारागिराच्या खुणा त्यावर शिल्लक होत्या. त्या डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या. म्हणजे संग्रहालयातून चोरलेला १८८०च्या दशकातला पक्षी नवी चिठ्ठी बांधून पुन्हा संग्रहालयालाच भेट दिलेला होता! हा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

चिठ्ठी खोटी ठरल्यावर मांडवी नकाशावरून गेली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची जुनी ठिकाणे उरली. ती धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट शोधाला निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर तो तोरणमाळ, मेळघाट, यावल येथे आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला. २०१८ साली त्याची जागतिक नोंद 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' अशी बदलली. गुजरातेत डांग भागातही तो सापडला आहे. म्हणून मांडवीची नोंद खरी ठरत नाही, हेही वर्गात जरूर सांगा. निष्कर्ष नंतर बरोबर निघाला, तरी खोटा पुरावा खोटाच राहतो.

हा शोध कोणत्या जोरावर लागला? ज्यांनी शंभर वर्षे त्या खणांत डांबरगोळ्या टाकल्या, कीड लागू दिली नाही, चिठ्ठ्या सुट्या होऊ दिल्या नाहीत, आणि दूरच्या अभ्यासकाने मागितल्यावर खण उघडून दिला, अशा अनेकांच्या. त्यांची नावे शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत तरी येतात. वर्तमानपत्रांत तीही येत नाहीत.

यादी पुरेशी का नाही?

कोणी म्हणेल, पक्षी-प्राणी मारून ठेवण्यापेक्षा याद्या कराव्यात. प्रश्न योग्य आहे. पुण्याचे उदाहरण घेऊ. मुळा-मुठा नद्यांतील माशांच्या याद्या १९४०च्या दशकात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्याशी तुलना करून या नद्यांतून कोणते मासे दिसेनासे झाले याचा अंदाज घेतला. याद्या नसत्या तर एवढेही कळले नसते.

पण यादीतले नाव हे लिहिणाऱ्याचे मत असते. दरम्यानच्या काळात माशांचे वर्गीकरण बदलले. तेव्हा एक समजली गेलेली जात आज दोन किंवा तीन जाती मानली जाते. मग यादीत लिहिलेला मासा यांपैकी कोणता? याचे उत्तर यादी देत नाही. बाटलीतला मासा देतो. नाव बदलले तरी तो बदलत नाही. त्याचे खवले मोजता येतात, काटे पाहता येतात, क्ष-किरण चित्र घेता येते. नाव म्हणजे निष्कर्ष आणि नमुना म्हणजे पुरावा. निष्कर्ष पुन्हा तपासायचा, तर पुरावा जपलेला हवा.

आणि पुढच्या पिढीला कोणता प्रश्न पडेल, हे आज आपल्याला माहीत नसते. इंग्लंडमध्ये पक्ष्यांची अंडी जमवणे हा एके काळी निव्वळ छंद होता. डेरेक रॅटक्लिफ यांनी अशा संग्रहांतील बहिरी ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे वजन करून पाहिली. आकाराच्या मानाने त्यांचे वजन १९४७ च्या सुमारास एकाएकी घटल्याचे त्यांनी १९६७ साली दाखवले. अमेरिकेतही तीच तारीख निघाली. हाच डीडीटीच्या सर्रास वापराचा प्रारंभकाळ. कवच पातळ झाल्यामुळे अंडी घरट्यातच फुटत होती. अंडी जमवणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात डीडीटी नव्हते. त्यांनी फक्त अंड्याबरोबर तारीख लिहून ठेवली होती. तारीख नसती, तर ती सगळी अंडी दिवाणखान्यातली शोभाच राहिली असती.

मागच्या खोलीतले काम

हे काम कसे चालते, ते थोडक्यात पाहू. वस्तू आली की आधी नोंदवहीत क्रमांक पडतो, आणि तोच क्रमांक वस्तूवर किंवा तिला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहितात. हे दोन क्रमांक जुळणे हा सगळ्या संग्रहाचा कणा आहे. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याची चिठ्ठी बाटलीच्या आत असते, आणि ती पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने लिहितात. बॉलपेनने लिहिली तर काही दिवसांत अक्षरे विरघळून कोरा कागद उरतो. मद्यार्क उडून जातो, म्हणून बाटल्या पुन्हा पुन्हा भराव्या लागतात. एका उन्हाळ्यात दुर्लक्ष झाले, तर मासा सुकून खारका होतो.

कातडी आणि पिसे खाणारे किडे वेगळे, वाळलेल्या वनस्पती खाणारे वेगळे. पावसाळ्यात बुरशी. उन्हात रंग विटतात, म्हणून खिडक्या बंद. जुन्या काळी कातडीला आतून सोमलयुक्त साबण लावीत आणि वाळलेल्या वनस्पतींवर पाऱ्याचे क्षार वापरीत. दोन्ही विषारी. तेव्हा शाळा-महाविद्यालयांतील जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना मुलांनी हात लावू नये, हे येथेच सांगून ठेवतो. आता शक्य तेथे नमुने बंद पिशवीत घालून शीतकपाटात ठेवून कीड मारतात.

या कामाचे वैशिष्ट्य असे, की ते नीट झाले तर काहीच घडत नाही. काहीच न घडण्याचे उद्घाटन होत नाही. त्यामुळे पैसा दर्शनी भागावर जातो. इमारत रंगते, दिवे बदलतात, प्रवेशद्वाराशी पडदा लागतो. अभिरक्षक निवृत्त झाले की जागा रिकामी राहते. त्यांच्या डोक्यात असलेली आणि वहीत न उतरलेली माहिती त्यांच्याबरोबर घरी जाते. हे केवळ लहान गावांचे दुखणे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने केंद्राच्या मोठ्या संग्रहालयांतील नोंदी आणि वस्तूंची पडताळणी यांतल्या उणिवांवरही बोट ठेवले होते.

महाविद्यालयांची स्थिती अधिक बिकट आहे. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना दिल्या. त्या योग्यच होत्या. परंतु 'आता या बाटल्या कशाला?' असा चुकीचा अर्थही त्यातून काढला गेला. एका महाविद्यालयात प्रयोगशाळेचे नूतनीकरण झाल्यावर मी तेथे गेलो होतो. धरण होण्यापूर्वी जवळच्या नदीतून गोळा केलेल्या माशांच्या बाटल्या तेथे असल्याचे मला ठाऊक होते. त्या रिकाम्या करून काच भंगारात दिल्याचे समजले. नवी प्रयोगशाळा सुंदर होती. त्या नदीत धरणाआधी काय होते, हे आता नव्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही यंत्राने कळणार नाही.

वाटल्याने टिकते

जपणे म्हणजे कुलूप लावणे, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. 'आमच्याकडे दुर्मीळ वस्तू आहे, पण आम्ही ती कोणाला दाखवत नाही,' हे अभिमानाने सांगितले जाते. रानपिंगळ्याची गोष्ट याच्या उलट सांगते. एका संग्रहालयातील लबाडी उघड व्हायला इतर संग्रहालयांतले नमुने शेजारी ठेवून पाहावे लागले. जो संग्रह तपासू दिला जात नाही, त्यावर विश्वास ठेवायला आधार नसतो.

वाटण्याचा दुसरा फायदा अपघाताच्या वेळी कळतो. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत जळाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची मुख्य इमारत जळाली. तेथील वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह वाचला, कारण तो दुसऱ्या इमारतीत होता. नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या गावी असावी, हा धडा घ्यायला फार खर्च येत नाही.

आता संगणक आले आहेत. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली तयार केली आणि तिच्या साहाय्याने काही मोठ्या संग्रहालयांतील वस्तू घरबसल्या पाहता येतात. हे स्वागतार्ह आहे. पण संगणक माहिती निर्माण करीत नाही. वहीत 'कोठे, कधी, कोणी' हे रकाने रिकामे असतील, तर पडद्यावरही ते रिकामेच राहतील आणि आपल्याला तेच काचेचे कपाट नव्या ठिकाणी दिसेल. छायाचित्रे काढण्याची घाई करण्याआधी, जुन्या कर्मचाऱ्यांना बसवून रिकामे रकाने भरून घेणे अधिक निकडीचे आहे. छायाचित्र पुढच्या वर्षीही काढता येईल. माणूस असेलच असे नाही.

यावर एक आक्षेप येईल, की सामान्य माणूस नोंदवह्या पाहायला येणार नाही. खरे आहे. पण चोरलेले घुबड, खोटी चिठ्ठी आणि शहाद्याजवळ लागलेला शोध ही गोष्ट पाहायला तो येणार नाही का? खणातला एक उताणा पक्षी, त्याची चिठ्ठी आणि भिंग एवढ्यावर उत्तम दालन उभे राहील. मागच्या खोलीतले काम कंटाळवाणे आहे म्हणून दाखवले जात नाही, असे नाही. ते दाखवण्याजोगे आहे, हे आपल्या दालनांची आखणी करणाऱ्यांना अजून सुचलेले नाही, एवढेच.

शिक्षकांसाठी

पुढच्या सहलीत पाट्या उतरवून घेण्याऐवजी मुलांना एकाच कपाटासमोर उभे करा आणि चार प्रश्न द्या : हे कोठून आले? केव्हा आले? कोणी आणले? ही माहिती खरी कशावरून? पाटीवर उत्तरे नसतील, तर मुलांनी अभिरक्षकांना नम्रपणे विचारावे, किंवा नंतर पत्र लिहावे. वीस शाळांतून असे पत्र गेले, तर एखादे तरी जुने कपाट उघडले जाईल. शक्य असल्यास मागची खोली पाहण्याची परवानगी आधीच मागा. नकार मिळाला तरी मागणी नोंदवली जाते.

शाळेतही छोटा संग्रह करता येतो. वन्यजीव संरक्षण कायदा लक्षात घेऊन पक्षी, त्यांची अंडी, प्रवाळ यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांची गरजही नाही. परिसरातल्या बिया, गळलेली पाने, मातीचे आणि दगडांचे नमुने, घरोघरी पडून असलेली मापे आणि अवजारे पुष्कळ आहेत. गावातल्या ज्वारीच्या जुन्या वाणाचे एक कणीस, सोबत शेताचे नाव, पेरणीची तारीख आणि देणाऱ्या आजीचे नाव, एवढे असले तरी तो नमुना झाला. वही एक, क्रमांक एक, प्रत दुसऱ्या कपाटात. बदली होऊन जाताना ती वही पुढच्या शिक्षकांच्या हाती द्यायची आणि त्यांची सही घ्यायची.

वस्तू कितीही जुनी असो, 'कोठे' आणि 'केव्हा' लिहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे निघून गेली, की पुढे कितीही मोठा शास्त्रज्ञ आला तरी त्याला ती परत मिळवून देता येत नाहीत.